डोक्याची ठेवण
(गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी अभ्यासमंडळातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, आणि खिरापत वाटायच्या आधी कवट्यांवर व्याख्यान आहे म्हटल्यावर काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्यात, त्या इथून दिसतात. सणासुदीला हा विषय कशाला, असं आम्हाला तयारी करतानाही दोघातिघांनी विचारलं. पण समोर बसलेल्या देवाकडे पाहा. त्याचं मूळचं मस्तक गेलं, दुसरं आलं, आणि तरीही आपण पहिला मान त्यालाच देतो. तेव्हा डोक्यांबद्दल बोलायला ह्यापेक्षा योग्य जागा कुठली?

विषय निघाला तो गेल्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात. आंब्याची डाळ आणि पन्हं घेत आम्ही बसलो होतो. आपल्यातल्याच एका घरात नवी सून आली होती, माहेर वरंगळचं, तेलुगू. ती आत गेल्यावर आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "मुलगी गोड आहे हो, पण डोक्याची ठेवण काही आपल्यातली वाटत नाही." मुलगी हैदराबादेतच वाढलेली, तिला मराठी चांगलं कळतं. ती पन्ह्याचे पेले घेऊन बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "आपल्यातली म्हणजे कशी असते, मावशी? मला दाखवा ना."

कुणाला काही दाखवता आलं नाही. मावशींनी डाळीच्या मिठाचा विषय काढला, आम्हीही त्यात सूर मिसळला. बोलणाऱ्या त्या एकट्या होत्या, पण ऐकून गप्प बसणाऱ्या आम्ही सगळ्या होतो. ती मुलगी पुढचे काही महिने आपल्या कार्यक्रमांना आली नाही. आम्ही अभ्यासमंडळाच्या बैठकीत ठरवलं की तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं. आजचं बोलणं म्हणजे ते उत्तर.

आधी मोजमापाबद्दल. डोक्याची कमाल रुंदी घ्यायची, तिला कमाल लांबीने भागायचं आणि १०० ने गुणायचं. येणाऱ्या आकड्याला शीर्षनिर्देशांक म्हणतात. ७५ च्या खाली असेल तर डोकं लांबट, ८० च्या वर असेल तर गोल, मधलं ते मध्यम. अँडर्स रेट्झियस नावाच्या स्वीडिश शरीरशास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. पद्धत सोपी, उपकरण स्वस्त, त्यामुळे पुढची शंभर वर्षं जगभर लोकांची डोकी मोजली गेली.

त्यात आपलंही डोकं सुटलं नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले ह्यांनी हिंदुस्थानातल्या लोकांची नाकं आणि डोकी मोजून सगळ्या देशाचे वंश पाडले. पश्चिम भारतात त्यांना रुंद डोकी जास्त आढळली. तेव्हा त्यांनी मराठा ब्राह्मण, कुणबी आणि कूर्गचे लोक ह्यांना एका कप्प्यात टाकलं आणि त्याचं नाव ठेवलं 'सिथो-द्राविड'. म्हणजे शक टोळ्या आल्या, इथल्या लोकांत मिसळल्या आणि त्यातून मराठी माणूस झाला. शक कितीसे आले, कुठे राहिले, त्यांच्या कवट्या कुणी पाहिल्या, असल्या प्रश्नांची फारशी फिकीर नव्हती. मावशींचं वाक्य आणि रिस्लेसाहेबांचं वाक्य ह्यांत फरक एवढाच की साहेबांचं वाक्य सरकारी अहवालात छापून आलं.

ह्या पद्धतीची तपासणी करणाऱ्यांत मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये होते. १९३२ च्या आपल्या जातिविषयक ग्रंथात त्यांनी रिस्लेचेच आकडे पुन्हा मांडून दाखवलं की नाकाच्या मापाचा आणि जातीच्या पायरीचा जो संबंध सांगितला जातो, तो उत्तर हिंदुस्थानच्या बाहेर टिकत नाही. आणि घुर्ये ह्यांच्या हाताखाली एम. ए. केलेल्या एका विद्यार्थिनीने तोवर बर्लिनला जाऊन खऱ्याखुऱ्या कवट्या मोजल्या होत्या. त्या म्हणजे आपल्या इरावती कर्वे.

इरावतीबाई आपल्याला 'युगान्त'मुळे माहीत आहेत. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशातला, इरावती नदीवरून नाव ठेवलेलं, शिक्षण पुण्यात. महर्षी कर्व्यांच्या त्या सूनबाई. परदेशी शिकायला जाण्याला सासऱ्यांची अनुकूलता नव्हती, पण पती दिनकरराव पाठीशी उभे राहिले. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. तिथे मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजाजननाची कैसर विल्हेल्म संस्था नुकतीच निघाली होती आणि तिचे संचालक होते ऑयगेन फिशर. जर्मन वसाहतींतून आणलेल्या हजारो कवट्या त्या काळी बर्लिनच्या संग्रहांत होत्या.

फिशरनी इरावतीबाईंना विषय दिला तो कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा. कुणाचीही कवटी डावी-उजवी अगदी सारखी नसते. फिशरची धारणा अशी की युरोपीय गोऱ्या माणसाची बुद्धी श्रेष्ठ, तेव्हा त्याच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असणार आणि त्याच्या कवटीत हा फरक जास्त दिसणार. इरावतीबाईंनी युरोपातल्या आणि युरोपाबाहेरच्या मिळून १४९ कवट्या मोजल्या. फरक सगळ्यांत होता. पण वंशाप्रमाणे तो कमी-जास्त होतो, असं काही दिसलं नाही. आणि जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं.

हे आज ऐकायला सोपं वाटतं. पण एक पंचविशीच्या आतली मुलगी, कर्ज काढून परदेशी गेलेली, पदवी ज्यांच्या हातात त्यांच्याच सिद्धान्ताला आपल्या आकड्यांनी नकार देते. मोजणीत थोडं इकडे-तिकडे केलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं. त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलंय की फिशरनी त्यांना अगदी खालच्या श्रेणीत उत्तीर्ण केलं. प्रबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९३७ मध्ये ऱ्हाईनलँडमधल्या मिश्र वंशाच्या मुलांची सक्तीने नसबंदी केली गेली, तेव्हा त्या मुलांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांत फिशरही होते. डोक्यांच्या मापावरून माणसाची किंमत ठरवायला लागलं की गोष्ट हळदीकुंकवातल्या टोमण्यापाशी थांबतेच असं नाही.

इरावतीबाईंनी पुढे मोजणं सोडलं नाही, हेही सांगायला हवं. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या आणि महाराष्ट्रभर हिंडून शरीराची मापं घेत होत्या. १९४४ मध्ये गुजरातेत लांघणज इथे सांकलियांच्या उत्खननात दगडी हत्यारांच्या काळातले मानवी सांगाडे निघाले, त्यांचाही त्यांनी अभ्यास केला. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा ह्यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली. पायरी एक, मोठं नाव एक, तरीही शरीराची मापं आणि रक्तगट पाहता ते आठ गट एका साच्यातले निघाले नाहीत. रिस्लेसाहेबांनी ज्याला 'मराठा ब्राह्मण' म्हणून एकच डोकं मानलं होतं, त्याची महाराष्ट्रातच आठ उत्तरं निघाली.

मग आमच्या मंडळात एकीने विचारलं, "हे आजच्या माणसांचं झालं. पण अगदी आरंभीची माणसं तरी प्रदेशाप्रदेशात वेगळी असतील ना? कुठेतरी मूळ साचा असेलच." प्रश्न चांगला आहे. त्यासाठी आपल्याला नर्मदेवर जावं लागेल.

मध्य प्रदेशात, पूर्वीच्या होशंगाबादच्या, म्हणजे आताच्या नर्मदापुरमच्या जवळ, नर्मदेच्या उत्तर काठावर हथनोरा नावाचं गाव आहे. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया ह्यांना तिथल्या वाळू-गोट्यांच्या घट्ट थरात एका कवटीचा वरचा भाग सापडला. उजवी बाजू बरीचशी शाबूत, डावीचा थोडा भाग. हाड जाड, भुवयांवरचा उंचवटा ठळक. मेंदूची जागा ११५५ ते १४२१ घन सेंटिमीटरच्या दरम्यान असावी, असे अंदाज निघाले. आज आपल्यापैकी कुणाचाही मेंदू साधारण १३५० च्या आसपास असतो. वयाचे अंदाज काही लाख वर्षांचे आहेत आणि त्यावर अजून वाद चालू आहे. सगळ्या भारतात इतक्या जुन्या माणसाची ही एकमेव कवटी.

आता हिचं बारसं कसं झालं पाहा. सोनकियांनी आधी तिला होमो इरेक्टसमध्ये घातलं आणि पुढे 'नर्मदेन्सिस' असं प्रादेशिक नाव दिलं. म्हणजे जावा आणि चीनमध्ये सापडलेल्या माणसांची भावकी. पुढे १९९१ मध्ये केनेथ केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच कवटी पुन्हा तपासली आणि तिला आपल्याच जातीचं, होमो सेपियन्सचं, जुनं रूप ठरवलं. आणखी काहींना ती युरोप-आफ्रिकेतल्या हायडेलबर्ग मानवाच्या जवळची वाटली. कवटी एकच, हाडाचा एक कण बदलला नाही. शेजारी कोणती कवटी ठेवून तुलना केली, त्याप्रमाणे ती कधी पूर्वेची झाली, कधी पश्चिमेची.

हे ऐकून आम्हाला हसू आलं, कारण हा अनुभव घरचा आहे. आपण पुण्यात लग्नाला गेलो की दोन वाक्यांत ओळखतात, "हैदराबादचे का?" आणि इथे चार पिढ्या काढल्यावरही भाजीवाला मराठीच समजतो. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपले वाडवडील नोकरी-धंद्यासाठी इथेच राहिले, आणि तेव्हापासून आपण कुठले, हे आपल्या शेजारी कोण उभं आहे त्यावर ठरतं.

तर मग आरंभीच्या माणसांत प्रादेशिक फरक नव्हतेच का? होते, आणि चांगले दिसण्यासारखे होते. १८९१ मध्ये जावा बेटावर सोलो नदीच्या काठी, त्रिनिल इथे, यूजीन द्युब्वा ह्यांना जी कवटी मिळाली तिचं कपाळ बसकं आणि मागे गेलेलं, मेंदू जेमतेम ९०० घन सेंटिमीटरच्या आसपास. चीनमध्ये बीजिंगजवळ चौकौतियनच्या गुहेत १९२९ पासून ज्या कवट्या निघाल्या, त्यांचं कपाळ जरा उभं आणि मेंदूची सरासरी हजाराच्या वर. ह्या चिनी कवट्या १९४१ च्या युद्धधामधुमीत हरवल्या, त्या आजतागायत मिळाल्या नाहीत. आपल्याकडे आहेत ते त्यांचे साचे आणि फ्रान्झ वायडेनराइख ह्यांनी केलेली बारकाईची वर्णनं. वायडेनराइख हे ज्यू म्हणून जर्मनीतून बाहेर पडावं लागलेले शास्त्रज्ञ. जावाची कवटी आणि चीनची कवटी पुढ्यात ठेवली तर फरक आपल्यालाही कळेल.

पण आता जॉर्जिया देशातल्या द्मानिसीकडे पाहा. तिथे एकाच जागी पाच कवट्या मिळाल्या, साधारण १८ लाख वर्षांपूर्वीच्या. पाचवी कवटी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिचा चेहरा मोठा, जबडा अवजड आणि मेंदू अवघा ५४६ घन सेंटिमीटर. त्याच जागेवरच्या दुसऱ्या एकीचा मेंदू ७०० च्या वर. अभ्यासकांनी लिहिलं की ह्या पाच कवट्या पाच वेगळ्या ठिकाणी सापडल्या असत्या, तर कदाचित त्यांना वेगवेगळ्या जातींची नावं मिळाली असती. एकाच जागेवरची माणसं, कुणी म्हातारा, कुणी तरुण, कुणी बाई, कुणी पुरुष, आणि आपसात एवढा फरक. हे पाहिल्यावर हथनोऱ्याच्या एका कवटीवरून 'भारतातला आदिमानव असा होता' म्हणायला जीभ धजत नाही. आपल्या शेजारी, कर्नूल भागातल्या ज्वालापुरमला, सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या ७४,००० वर्षांपूर्वीच्या राखेखाली आणि राखेवरही दगडी हत्यारं मिळाली आहेत. माणसं इथे नक्की होती. पण त्यांची एकही कवटी तिथे मिळालेली नाही, म्हणून त्यांची डोकी कशी होती ह्यावर कुणी प्रामाणिक संशोधक बोलत नाही.

आजच्या माणसांबाबत मात्र सामग्री भरपूर आहे. जगभरच्या कवट्यांची मापं एकत्र करून जॉन रेलेथफर्ड ह्यांनी १९९४ मध्ये दाखवलं की एकूण फरकातला फार मोठा वाटा, ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त, हा एकाच प्रदेशातल्या माणसामाणसांतला आहे. प्रदेशाप्रदेशांतला फरक उरतो तो थोडका. २००७ मध्ये आणखी एका संशोधनात चार हजारांवर कवट्या तपासल्या गेल्या. आफ्रिकेपासून जसजसं लांब जावं, तसतशी आतली विविधता कमी होत जाते, असं दिसलं. आपण सगळे तिथून निघालेल्या थोड्या लोकांची पिलावळ, आणि प्रत्येक मुक्कामावर पुढे निघणारे थोडे कमी, हा त्याचा अर्थ.

जो थोडका फरक उरतो, त्यामागे हवामान असतं. थंड प्रदेशात डोकी सरासरीने गोल होतात, कारण गोल आकारातून उष्णता कमी निसटते. खाणं असतं. मऊ शिजवलेल्या अन्नावर वाढलेल्या पिढ्यांचे जबडे बारीक होतात. आणि पाळणा असतो. हे आमच्यातल्या आजींना सांगावं लागलं नाही. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी कुणाच्या घरात नव्हती? टाळू भरताना, न्हाऊ घालताना, डोक्याला हाताने आकार द्यायचा म्हणून किती सूचना असत! आता डॉक्टर तान्ह्या बाळाला उशी नकोच म्हणतात. पण ज्या डोक्याला आपण स्वतः उशीने गोल करत होतो, त्याच गोलाईवरून रिस्लेसाहेब शकांचं रक्त शोधत होते, ह्याची गंमत वाटते.

ह्या शहरातच हब्सीगुड्याला पेशी आणि रेणू जीवशास्त्राचं केंद्र आहे, सी. सी. एम. बी. म्हणून आपण ओळखतो ते. तिथल्या लालजी सिंग आणि थंगराज ह्यांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर २००९ मध्ये २५ समाजगटांतल्या १३२ भारतीयांचा डीएनए तपासून प्रसिद्ध केला. मुख्य भूमीवरच्या जवळजवळ प्रत्येक गटात दोन प्राचीन लोकसमूहांचं मिश्रण निघालं, प्रमाण कमी-जास्त एवढंच. पुढच्या कामात ह्या मिश्रणाचा काळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा निघाला. त्यानंतर आपण जातीत लग्नं लावायला लागलो आणि दारं बंद केली. म्हणजे मराठी सासर आणि तेलुगू माहेर ही सोयरीक नवी नाही. मधल्या काळात ती थांबली होती.

ह्या तयारीत आम्ही एक उद्योग केला. बैठकीत प्रत्येकीचं डोकं दोन जाड पुस्तकांमध्ये धरून पट्टीने मोजलं. शास्त्रीय म्हणता येणार नाही, केसांचे अंबाडेही आड येत होते. आमच्यातल्या दोन सख्ख्या बहिणी, एकाच आईच्या हाताने न्हालेल्या, त्यांतली एक लांबट निघाली आणि दुसरी चांगली गोल. ज्यांनी ते वाक्य म्हटलं होतं त्या मावशीही मोजायला बसल्या, आणि मापं कागदावर ओळीने मांडली तेव्हा त्यांनीच ती वाचून दाखवली. वरंगळच्या सूनबाईंना त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. तिचं माप आमच्या सगळ्यांच्या मधोमध कुठेतरी आलं. मावशी म्हणाल्या, "हिचं तर आपल्यातलंच निघालं की!" त्यावर ती म्हणाली, "मावशी, नसतं निघालं तरी चाललं असतं ना?" मावशींनी मान हलवली, पण लगेच काही बोलल्या नाहीत. आम्हीही नाही.

व्याख्यानाची तयारी करताना सगळ्यात जास्त विचार आम्ही ह्याच वाक्यावर केला. मापं जुळली म्हणून आपलं म्हणायचं, तर उद्या एखादीची जुळणार नाहीत, तेव्हा काय करायचं? फिशरचे आकडे चुकीचे होते म्हणून त्याचं म्हणणं वाईट होतं, असं नाही. आकडे त्याच्या बाजूने आले असते, तरी त्यावरून कुणाची किंमत कमी करायचा अधिकार त्याला मिळत नव्हता. कवटी सांगते ती माणूस कुठे राहिला, काय खाल्लं, किती वर्षांचा होऊन गेला एवढंच. त्याला आपल्यात बसवायचं की नाही, हे ठरवणं आपलं काम आहे, आणि ते आपण इंचपट्टीवर ढकलू नये.

सूनबाई आज आल्या आहेत. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला आम्हाला दीड वर्ष लागलं, त्याबद्दल मंडळातर्फे त्यांची माफी मागतो. उशीर झालाय, खिरापत तयार आहे.

गणपती बाप्पा मोरया!